काठावरचं बोलावणं

१४ नोव्हेंबर १९३७, ढालेगाव

आज एकदाची नाव सुटली आणि मन प्रसन्न झालं. जागीरदारसाहेबांना पुढच्या हिवाळ्यात हैदराबादचे पाहुणे घेऊन गोदावरीतून सैर करायची आहे. नाव कुठल्या घाटावर लावायची, तंबू कुठे ठोकायचे, दूध-कोंबडी कुठे चांगली मिळते, याची पाहणी करायला मला धाडलंय. नोकरीला लागून महिना झाला नाही तोच ही मेहेरबानी. जुने कारकून जळून खाक झाले असतील. होऊ देत. गंगाखेडला पोचलो की काम संपलं. कमल दिवाळीला चुडाव्याला माहेरी गेली आहे, ती तिथल्या घाटावर येईल, मग दोघं आगगाडीने हैदराबादला.

नाव म्हणजे एक लाकडी डबडं, वर तट्ट्याचं छप्पर. नावाडी भुजंग, आणि नावेतच चूल मांडणारी त्याची बायको धुरपताबाई. भुजंगला अक्कल बेताची, बाई तोंडाने फटकळ. भुजंगने माझं नाव विचारलं. म्हटलं, साहेब म्हण, तेवढं तुला पुरे. त्यावर बाई म्हणते कशी, पाण्यावर नाव ठावं असल्यालं बरं असतंय. असल्यांना जरा जवळ केलं की डोक्यावर चढून बसतात. पिठलं मात्र झकास करते, एवढं कबूल.

१५ नोव्हेंबर, मुद्गल

या लोकांचा एक नवाच अडाणीपणा आज पाहिला. नाव काठाला लागली तरी उतरत नाहीत. भुजंग आपलं नि बायकोचं नाव ओरडून सांगतो आणि हात बांधून बसतो. काठावरच्या कुणीतरी, मग ती धुणं बडवणारी का असेना, नाव घेऊन ‘या वर’ म्हणायचं, तेव्हा यांचा पाय खाली पडणार. आज घाटावर चिटपाखरू नव्हतं. ऊन चढत होतं, माझे पाय आखडले होते, आणि हे दोघं शुंभासारखे बसलेले. मी सरळ उडी मारली आणि उतरलो.

धुरपताबाई किंचाळलीच. मग भुजंगने ते पुराण सांगितलं. गंगेत गेलेली माणसंही म्हणे नावेबरोबर काठावर यायला बघतात. काठाने ज्याला नाव घेऊन बोलावलं तो काठाचा. न बोलावता उतरला तो गंगेचा. आता नावेत येऊन बसा, म्हणाला, आन् कुणीतरी तुमचं नाव घेऊन बोलवंस्तोर हलू नका सायेब. मी पोट धरून हसलो. घाटावर दोनदा फेऱ्या मारल्या, मुद्दाम, त्याच्या डोळ्यांदेखत. घाट बरा आहे, चिखल कमी. तंबूंना जागा आहे.

१६ नोव्हेंबर, कान्हेवाडी

पाहुण्यांना या गावात मी पाऊलसुद्धा टाकू देणार नाही. इतकी बेअदब माणसं जन्मात पाहिली नाहीत. इथला पाटील माणिकराव पारावर बसला होता. रामराम केला, उत्तर नाही. दुधाचं विचारलं, तर माझ्या अंगावरून नजर नेऊन पलीकडच्या गड्याशी बैलाच्या खुराबद्दल बोलत राहिला. शेवटी जागीरदारसाहेबांचं नाव घेतलं. हा इसम जांभई देतो. याची तक्रार करणार, सोडणार नाही.

नावेत आलो तर धुरपताबाईने दोनच ताटं वाढलेली. खडसावलं तेव्हा दचकून इकडेतिकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग भाकरी टाकली, तीही माझ्यापासून हातभर लांब. कालचा राग काढत असणार. नाटकी बाई.

१७ नोव्हेंबर, नावेत

सकाळपासून दोघांनी तमाशा मांडलाय. भुजंग काठाकडे तोंड करून हाका मारतोय, सायेब, ओ सायेब, कुठं हायसा? मी त्याच्यापुढे बसलेलो. म्हटलं, मूर्खा, इथे आहे. तो म्हणाला, कान्हेवाडीलाच राहिलं वाटतं ते. बाई म्हणाली, कसलं राहतंय, मुद्गललाच गेलं. बापडं, लय शिकलेलं होतं.

होतं, म्हणाली.

मी तिच्या तोंडापुढे हात हलवला. तिने चुलीतला धूर डोळ्यांत गेल्यासारखे डोळे पुसले. मग भुजंगने ओला दोर माझ्या मांडीवर टाकला. वेटोळं नीट लावलं आणि त्यावर बसायला वाकला. मी ओरडून बाजूला झालो.

एवढा अभिनय यांच्या बापाला जमणार नाही. हे नाटक नाही. भीती वाटते आहे. लिहून टाकतो, मला भीती वाटते आहे.

१८ नोव्हेंबर

मी आता नावेतून उतरत नाही. भुजंग म्हणाला होता तसाच बसून आहे. कुणीतरी नाव घेऊन बोलावलं की झालं. एवढंच तर हवं. पण इथे माझं नाव ठाऊक कुणाला आहे?

प्रत्येक घाटावर उभा राहून ओरडलो. मी व्यंकटराव. मला बोलवा. व्यंकटराव आलोय. बायका धुणं बडवत होत्या, एकीचीही मान वर झाली नाही. ज्या गावंढळांशी बोलायला मला कमीपणा वाटायचा त्यांच्यापुढे हात जोडले. घसा फुटला—

काठावर कुणाला ऐकू जात नाही. पण मी ओरडलो की नावेखालचं पाणी थांबतं. वल्ह्याचा आवाज थांबतो, लाट थांबते. कान देऊन ऐकल्यासारखं.

आता ओरडणार नाही.

दुपारी भुजंग बायकोला म्हणाला, गंगाखेडला सायबाच्या मालकीण यायच्यात, त्यान्ला नाव ठावं असंल, सांगून बघू. मी रडलो. या माणसाला मी बेअक्कल म्हटलं होतं.

कमल आहे. कमलला ठाऊक आहे.

संध्याकाळ

आणि मग आठवलं. तिने ते कधी घेतलेलंच नाही. लग्नात उखाणा घेतला, तोही नाव गिळून. व्यंकटेशाचं स्तोत्र म्हणतानासुद्धा तेवढा शब्द सोडून पुढे जाते. मी दोस्तांना कौतुकाने सांगायचो, याला म्हणतात खानदानी बायको. इकडून, तिकडून, अहो. एवढ्यावर संसार चालला.

कमल, एकदाच—

१९ नोव्हेंबर, गंगाखेड

घाट दिसला. गर्दी आहे. कमल पायरीवर उभी आहे, हिरवं लुगडं, शेजारी माहेरची म्हातारी गोजरबाई.

भुजंगने आपली नावं सांगितली. कुणीतरी बोलावलं. दोघं उतरले. मी नावेत. लिहितो आहे, नुसतं बसवत नाही—

धुरपताबाई तिच्याशी बोलते आहे. कमल नावेकडे बघते. माझ्याकडे. माझ्यातून पलीकडे—

आधी हसली. मग रडायला लागली. आता म्हणते, अहो, या ना. ‘अहो’ चालत नाही गं, कमल. गोजरबाईने हाक मारली, जावईसायेब, या. काही नाही. पाय नावेला चिकटलेत. तिला माझं नाव आठवत नाही, लग्नापासून जावईसायेबच—

पाणी थांबलं आहे. मी ओरडलो नाही, तरी.

धुरपताबाई हातापाया पडते आहे तिच्या. नाव घ्या बाई, जीवाचा सवाल हाय. सगळा घाट बघतोय. कमलने तोंडाला पदर लावला. मान हलवते. नाही म्हणते. घे गं. लाज सोड. मी सांगतो, मी तुझा नवरा सांगतो—

गोजरबाई म्हणाली, नुसतं जमत नसंल तर उखाण्यात घ्या.

कमलने पदर सोडला. डोळे मिटले. लग्नात उभी होती तशीच उभी आहे. आवाज फुटला—

चुडाव्याच्या मळ्यात पाखरं बसली पाटावर—

थांबली. नावाआधी थांबतात तशी.

त्या थांबण्यात मागून हाक आली. पाण्यातून. स्वच्छ, अदबीने, मी घाटाघाटावर ओरडून शिकवलं होतं तसं पूर्ण नाव. व्यंकटराव, या.

मी ओ दिली. तोंडातून गेलीच, कमल, मला वाटलं तूच—

आता ती घेते आहे. व्यंकटराव म्हणते आहे, मोठ्याने, सगळ्या घाटादेखत, पुन्हा पुन्हा. ऐकू येतंय पण लांबून. वरून. पाय ओले झाले. नाव कुठे आहे, मी तर नावेत

कमल, अजून मोठ्याने घे, मी