नको न म्हणण्याचा उन्हाळा

प्रिय पीठवाले,

दचकू नका, पोती मागवायला लिहीत नाहीये. बेकरीची भट्टी अजून उघडीवाघडी पडलीय आणि गवंड्याचा उद्या काही उजाडत नाही. तुम्ही मुलाकडे मजेत असाल. नातवंडं डोक्यावर बसली असतील.

शेवटची पोती उतरवून तुम्ही गल्ल्यापाशी आलात आणि लग्नाचं विचारलंत. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी नको म्हणून मोकळी! दारावर काहीबाही विकायला येतात ना, त्यांना म्हणते तसं. तुम्ही टोपी चढवलीत आणि गेलात. दिवसभर मी तुमच्यावर चिडले होते, या वयात काय हे थेर म्हणून. संध्याकाळी लक्षात आलं, माझ्या तोंडून नको आपोआपच निघतं, काहीही पुढे आलं तरी. मग ठरवलं, भट्टी पेटेपर्यंत कुणी काही नवं सुचवलं, तर करून पाहिल्याशिवाय नको म्हणायचं नाही. हे मी सूनबाईला सांगून बसले. ती बया टपूनच होती!

तिनं मला थेट पोहण्याच्या तलावावर नेलं. अहो, तो पोशाख घालून बाहेर यायलाच मला अर्धा तास लागला. मग पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि शिकवणाऱ्याला सांगितलं की यीस्ट फुलायला हे कोमट पाणी चालेल. तो बघतच राहिला. नाकातोंडात पाणी गेलं, कठडा सोडवेना. पण आता या काठावरून तो काठ गाठते. खरंच! मला स्वतःचंच कौतुक वाटतं, आणि ते मी सगळ्यांना ऐकवते. शेजारीण हल्ली मला पाहून रस्ता बदलते.

कुंभारकामाच्या वर्गातली फजिती तर ऐकाच. मातीचा गोळा हातात आला मात्र, मी असा काही मळला की शिकवणाऱ्या बाई हातचं सोडून बघायला आल्या. मी फुशारले. मग गोळ्यावर ओलं फडकं टाकलं, उन्हाच्या खिडकीत ठेवला आणि हात पुसून बसले. बाकीच्यांच्या वाट्या होत आल्या, माझं आपलं बसणं चालूच. बाईंनी विचारलं, कशाची वाट बघताय? मी म्हटलं, फुगू दे की जरा! सगळा वर्ग हसून लोळला. मीही इतकी हसले की पोट दुखायला लागलं.

एकटीनं सिनेमा पाहिला. आकाशपाळण्यातही बसले आणि उतरल्यावर त्याला मनापासून नको म्हटलं. एकदा तर सूर्य चांगला वर आल्यावर उठले. आपली गल्ली सकाळी कशी दिसते हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. त्या वेळी मी कायम भट्टीसमोर. समोरच्या घरचे आजोबा झाडांना पाणी घालताना गातात. भसाडं गातात, पण गातात. मी खिडकीतच चहा घेऊन बसले आणि उगाचच डोळे भरून आले. तुम्हाला हे सांगावंसं वाटलं. हल्ली जे काही होतं ते तुम्हालाच सांगावंसं वाटतं, त्याला मी तरी काय करू?

तुम्हाला वाटलं असेल, होकार कळवायला लिहितेय. तसं नाही. तुमचा प्रश्न तुम्ही परत घेऊन गेलात, आता त्याला हो म्हणायचा मला काय हक्क? पहिल्या लग्नात मोठ्यांनी ठरवलं आणि मी मान हलवली. माणूस चांगला मिळाला, पण विचारलं मी कुणालाच नव्हतं. तेवढं एक करायचं राहिलंय. तर अहो, माझ्याशी लग्न कराल का? लिहिताना छाती नुसती धडधडतेय. विचारताना तुमचंही असंच झालं होतं का हो? नाही म्हणालात तर रडेन, पण पीठ तुमच्याकडूनच घेईन. उत्तर मात्र पत्रानं पाठवू नका. समोर येऊन द्या, मला तेव्हा तुमचा चेहरा बघायचाय.

तुम्ही म्हणाल तर तुमचीच,
बेकरीवाली