टॉवर एकतीसवरची तांबडी

४ फेब्रुवारी २०२२, शुक्रवार

दोह्यापलीकडे, अल खोरच्या उत्तरेला, जुन्या विजेच्या टॉवरांच्या रांगेपाशी. गाडी वाळूत रुतेल म्हणून डांबर सोडलं नाही. परत फिरणार इतक्यात वर दोन पक्षी. लाँग-लेग्ड बझर्ड. मराठीत नेमकं काय म्हणतात ठाऊक नाही, मी आपलं बाज म्हणते. फिकट डोकं, रुंद पंख, आणि शेपूट तांबूस. ऊन मागून आलं की ती आरपार पेटते.

नराने पंख मिटले आणि खाली पडला. झेप नव्हे, दगड पडावा तसा. मी गाडीत एकटीच "अरे!" म्हणून ओरडले. जमिनीच्या बराच वर पंख उघडले आणि त्याच वेगात वर, मादीच्याही वर. पुन्हा पडला. पुन्हा वर. ती मात्र सावकाश गोल फिरत होती, जणू तिचा काही संबंधच नाही.

एकही फोटो नाही. कॅमेरा मांडीवर होता.

११ फेब्रुवारी, शुक्र.

घरटं करताहेत! रांगेतल्या एका टॉवरवर, आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या बेचक्यात. नर काटक्या आणतो, मादी लावते. आवडली नाही तर उचलून दुसरीकडे. मी मादीचं नाव तांबडी ठेवलंय. नराला नाव सुचत नाही.

काटक्यांबरोबर निळी नायलॉनची दोरी आणि कामगाराचा एक हातमोजाही गेला वर.

दोह्यातल्या पक्षीवाल्या ग्रुपमधल्या बाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: हे हिवाळ्यात येतात आणि जातात, इथे घरटं करणं फार क्वचित. जागा कुणाला सांगू नका, मलाही नको.

इतका आनंद झाला की घरी येऊन आधी भांडी घासली.

२५ फेब्रुवारी, शुक्र.

तांबडी घरट्यात बसून. नुसतं डोकं दिसतं. अंडी असणार. गाडी लांब, काच खाली, लेन्स खिडकीवर. टेकायला मिलिंदच्या जुन्या पँटचा पाय कापून त्यात तांदूळ भरलेत. आठनंतर जमीन तापते, हवा हलायला लागते आणि फोटोत पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. तेव्हा कॅमेरा ठेवून फक्त बघायचं.

आज ती उठली, पिसं झटकली, खाली वाकून चोचीने काहीतरी हळूच फिरवलं, आणि पाय जपून ठेवत पुन्हा बसली. ज्या नखांनी सांडा, तो जाड शेपटीचा सरडा, फाडायचा तीच नखं. बोटं मिटून घेतली होती तिने, मूठ वळल्यासारखी.

३ मार्च, गुरु.

लॅपटॉपवर फोटो बघत होते. मिलिंद मागून आला, चहाचा कप हातात. "हा टॉवर कुठला?"

मला वाटलं, कौतुक. झूम करून टॉवरवरची पाटी वाचली त्याने. एकतीस.

"मंजू, ही लाइन माझी आहे."

म्हणजे: ही जुनी लाइन बंद झालीय, केबल जमिनीखालून गेली. टॉवर उतरवायचं काम मि.च्या हाताखाली. स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं सगळं वर्ल्ड कपच्या आत साफ व्हायचंय. इकडच्या टोकापासून सुरुवात, याच महिन्यात. एकतीस पहिल्या दहात.

इरा खोलीतून ओरडली, "आई, व्हॉट्स फॉर डिनर?"

५ मार्च, शनि.

भांडण. बऱ्याच वर्षांनी असं.

तो: एका पक्ष्यासाठी मी क्लायंटसमोर जाऊन काय सांगू?
मी: अंडी आहेत असं सांग.
तो: मे महिन्यात माझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल आहे. इराचं कॉलेज आहे. तुला कळतंय ना?

कळतंय. न कळायला काय झालं? या कंपाउंडमधली तीन कुटुंबं गेल्या वर्षात सामान बांधून परत गेली. ऑफिसातून बोलावणं येतं आणि महिन्यात घर रिकामं. पण मी त्याला म्हटलं, "तू एकदा येऊन बघ तरी."

"बघून काय होणार?"

११ मार्च, शुक्र.

परकार जेवायला आले. मि.च्या साइटचे सेफ्टी ऑफिसर, दापोलीकडचे, घरी आले की आमच्याशी त्यांच्या मराठीत मनसोक्त बोलतात. मी मुद्दाम विषय काढला. मि. ताटात बघत राहिला.

परकार म्हणाले, "वैनी, मी लिहू शकतो. पण कागद वर गेला का मग तो आपला राहत नाय. कोणीतरी शहाणा म्हणेल, घरटा आजच काढून टाका, खलास. लिहिलं तरी धोका, नाय लिहिलं तरी."

हे मला सुचलंच नव्हतं. मी कागद हा उपाय समजत होते.

जाताना दारात हळूच: "साहेबाला थोडा टाइम द्या."

१८ मार्च, शुक्र.

सकाळपासून वारा. दहाच्या सुमारास क्षितिज नाहीसंच झालं, पिवळी भिंत चालत आली. गाडी थांबवून काचा बंद केल्या. वाळू पत्र्यावर तडतडत होती. टॉवर मधूनच दिसे, मधूनच नाही.

दिसला तेव्हा तांबडी वाऱ्याकडे तोंड करून, पंख दोन्ही बाजूंनी सैल पसरून घरट्यावर सपाट झाली होती. डोळे बारीक. पिसं उलटी होत होती, टॉवर थरथरत होता. ती हलली नाही. नर खालच्या पट्टीवर, तिच्या बाजूला, बसून.

मी बंद गाडीत बसून घाबरलेली. ती उघड्यावर. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. वारा पडला तेव्हा तिने डोकं झटकलं, वाळू उडाली, उठून अंडी फिरवली. एवढंच. रोजचं काम पुढे सुरू.

मला रडू का आलं कळलं नाही. हात जोडले गेले आपोआप.

२५ मार्च, शुक्र.

मि. आला! काल रात्री मी काही म्हटलं नव्हतं. सकाळी बूट घालून दारात उभा. "चल, यल्ला."

त्याला दुर्बीण दिली. बराच वेळ बघितलं. मी वाट बघतेय काहीतरी म्हणेल म्हणून. म्हणाला, "डावीकडच्या पायाचे बोल्ट गंजलेत."

माझा संताप.

तेवढ्यात नर आला, पायात वाळवंटी उंदीर. घरट्यासमोर वाऱ्यात थांबला. पंख न हलवता, अगदी जागच्या जागी, शेपटीची टोकं तेवढी इकडून तिकडे वळवत. तांबडीने उठून त्याच्या पायातून शिकार घेतली आणि तो अलगद बाजूला सरकला. मि.ने दुर्बीण खाली केली, पुन्हा लावली.

"हे कसं करतो तो? कशाच्या आधाराने?"
"वाऱ्याच्या."
"ते कळलं गं."

परतताना तंबूच्या आकाराचं मोठं पांढरं स्टेडियम उन्हात दिसायला लागलं. कामाबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही.

२ एप्रिल, शनि. पाडवा

बाल्कनीत गुढी. आज पहिला रोजाही. खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंनी गुढी बघून हात हलवला, मी रमझान करीम म्हटलं. काल दोह्यात वर्ल्ड कपचा ड्रॉ झाला, इरा आणि मैत्रिणी कोण कुणाशी खेळणार त्यावर अजून ओरडताहेत.

गुढी उभारून थेट टॉवरवर गेले. तांबडी घरट्याच्या काठावर उभी, मान खाली. मांसाचा एक बारीक तुकडा चोचीत धरून थांबली होती. थांबलीच होती. मग खालून एक पांढरं, लटपटतं, सुपारीएवढं डोकं वर आलं.

दुसरं आलं.

एवढी मोठी चोच आणि एवढासा तुकडा. त्यांना घेता येईना, पडायचा. ती पुन्हा उचलून धरायची. न कंटाळता. सणाचं गोडधोड करायचं राहून गेलं. संध्याकाळी श्रीखंड विकत आणलं.

६ एप्रिल, बुध.

परकारांचा फोन. "वैनी, साहेबांनी सांगितला का नाय?"

काय?

मि.ने काम उलट्या टोकाने सुरू केलंय. स्टेडियमकडच्या बाजूने. कारण दाखवलं, तिकडे रस्त्याचं काम आधी मोकळं हवं. ते खरंही आहे. पण त्यामुळे क्रेन रोज लांबून न्यावी लागते, आणि एकतीस आता शेवटच्या दहात. रमझानात कामाचे तासही कमी. "पिल्लांना टाइम मिळेल, इन्शाल्ला."

संध्याकाळी मि. आला तेव्हा मी नुसतं बघत राहिले त्याच्याकडे.
"काय झालं?"
"काही नाही. पोळी गरम देऊ?"
"दे."

झालं आमचं बोलणं.

२२ एप्रिल, शुक्र.

उकाडा सुरू. पिल्लं वाढलीत, पांढऱ्या लोकरीतून तपकिरी पिसं फुटताहेत. थोरला दांडगा, धाकटी लहान. (धाकटी हे मीच ठरवलं.) उन्हं चढली तशी तांबडी सूर्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पंख अर्धे उघडले. तिच्या सावलीत दोन्ही. सूर्य सरकला तशी तीही सरकली. चोच उघडी, छाती धापा टाकतेय, पण सावली पिल्लांवरून हलू दिली नाही.

आज इराही आली. फोन बाजूला ठेवून बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तिला पाणी कोण देतं?" मराठीत. मी दचकले. म्हटलं, "कुणी नाही गं. शिकारीतून जे मिळेल तेवढंच."

३ मे, मंगळ.

परकारांकडे ईदचा शीरखुर्मा. वहिनींनी आग्रह करून दोन वाट्या दिल्या. पुरुष बाहेर बोलत होते, मला अर्धंच ऐकू आलं.

घरी येताना मि.ने आपणहून सांगितलं. मॅनेजरने विचारलंय, क्रेनचे इतके तास कसे लागले, क्रम का बदलला. मि. म्हणाला, साइटच्या सोयीसाठी. "खोटं नाही बोललो."

रिन्यूअल?
"आलं नाही अजून. इतरांचं आलंय."

मी म्हटलं, "मिलिंद, मी उगाच..."
"तू काही केलं नाहीस. मी बघितलं ना स्वतः." गाडी चालवत होता, माझ्याकडे बघितलं नाही.

१४ मे, शनि.

थोरला उडाला!

सकाळपासून दोघं काठावर पंख झाडत होती. खालच्या पट्टीवर नर, पायात सांडा, इथे धब म्हणतात तो. देत नव्हता. नुसता दाखवत होता. थोरल्याने हाका मारून मारून घसा कोरडा केला. मग पाय सुटला की सोडला, देव जाणे, पण गेला. खाली, आणखी खाली, पंख वेडेवाकडे, मी सीट घट्ट धरली, आणि मग काहीतरी समजल्यासारखं त्याने ते सरळ केले. वाळूवरून सरपटत लांब गेला आणि एका दगडावर धडपडत उतरला. उतरल्यावर मागे वळून टॉवरकडे बघत बसला. बापरे, मी तिथून आलो?

तांबडी त्याच्यावर गोल फिरत होती. शेपूट पेटलेली.

मि.ला फोन केला. ऑफिसात होता, हळू आवाजात म्हणाला, "आणि दुसरी?"
दुसरी अजून घरट्यात.

१७ मे, मंगळ.

धूळ. पलीकडची इमारत दिसत नाही. क्रेन बंद, काम बंद. एरवी मी वैतागले असते. आज दिवसभर मनात एकच, आणखी असू दे, उद्याही असू दे. मि. खिडकीशी उभा होता. त्याच्याही मनात तेच असावं, पण त्याने विचारलं फक्त, "वारा किती आहे बघ गं फोनवर."

एकतीसच्या अलीकडचा टॉवर रविवारीच उतरवला. आता नंबर एकतीसचाच.

१९ मे, गुरु.

गाडीत बसून लिहितेय. सकाळी मि.चा फोन, "येतेस का? आत्ता ये."

आले तेव्हा क्रेन एकतीसजवळ उभी. माणसं हेल्मेट घालून सावलीत. परकारांनी मला फितीच्या बाहेरच थांबवलं. "इथूनच बघा, वैनी."

धाकटी एकटी घरट्यात. थोरला लांब दगडावर, तांबडी वर उंच, ओरडतेय. मि. क्रेनवाल्याशी बोलला. तो केबिनमधून वाकून वर बघायला लागला, आणि त्याने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. वारा लोखंडी पट्ट्यांतून वाजतोय तेवढाच आवाज. मग एकेक करत सगळे सावलीतून बाहेर येऊन वर बघायला लागले. फोरमन, हेल्पर, ट्रकचा ड्रायव्हर.

वाऱ्याची झुळूक आली. धाकटीने पंख उघडले आणि तिचे पाय घरट्यावरून सुटले. थोडेसेच. हवेत उभी. खालून माणसांच्या तोंडून एकच आवाज निघाला. मग पुन्हा घरट्यात उतरली.

मॅनेजरची पांढरी गाडी रस्त्यावरून वळली. थांबली. ते उतरून मि.कडे चालत गेले. काय बोलताहेत ऐकू येत नाही. मि. हात वर करून टॉवर दाखवतोय. मॅनेजरने कपाळावर हात धरून वर बघितलंय, आणि अजून मान खाली केलेली नाही.

क्रेन अजून बंद. धाकटी पुन्हा काठावर आली आहे. वारा वाढतोय.