खुर्चीकडे वळलेला टीव्ही

प्रिय ढब्बू,

टीव्ही आला, भिंतीवर बसला, चालतोय. तू रोज फोनवर विचारतोस आणि मी रोज मस्त आहे म्हणते, त्यात खोटं काही नाही. चित्र इतकं स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकावरची पावडरसुद्धा दिसते. पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू घाईत असतोस आणि मी बरी आहे म्हणून मोकळी होते. म्हणून म्हटलं, या वेळी लिहावं.

बाबा गेल्यापासून घर गप्प झालं, जरा आवाज राहील, म्हणून तू टीव्ही पाठवलास. पण मला गप्प घराचा त्रास होत नाही रे. कसलाच होत नाही. दूध उतू जातं आणि मी बघत उभी राहते. भेटायला आलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, आता रडेल, मग रडेल. तुझी मावशी तर रुमाल घेऊन शेजारीच ठाण मांडून होती. शेवटी तीच रडली. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, तशी मी सगळीच झाले आहे.

टीव्ही बसवणारा माणूस गप्पिष्ट होता, पण कामाला चोख. त्याची एक पद्धत आहे. बघणारं माणूस कुठे बसतं ते विचारल्याशिवाय तो ड्रिल हातात घेत नाही. मी भाजी निवडत होते. त्याने विचारलं आणि मी मान वर न करता खिडकीजवळची आरामखुर्ची दाखवली. वर हेही सांगितलं की मान डावीकडे अजिबात वळत नाही, तेव्हा टीव्हीचा पडदा नीट समोर यायला हवा, आणि उन्हाची तिरीप नको.

बाबांची मान तुला आठवते ना? स्कूटरवरून पडले तेव्हापासून कोणी डावीकडून हाक मारली की ते कपाट सरकवल्यासारखे अख्खे वळायचे. तू त्यांची नक्कल करायचास, मी तुझ्यावर डोळे वटारायचे आणि ते स्वतःच हसत सुटायचे. माझी सोफ्यावरची जागा त्यांच्या उजव्या हाताला आहे ती त्यासाठीच. भांडण झालं तरी मी तिथेच फुगून बसायचे, म्हणजे त्यांना दिसावं.

तर त्या माणसाने मन लावून काम केलं. स्वतः खुर्चीत बसला, मान ताठ धरली, उठून टीव्ही जरा खाली घेतला, खुर्चीकडे वळवला, पुन्हा बसून बघितलं. जाताना म्हणाला, साहेब आले की एकदा बसून बघायला सांगा. मी हो म्हटलं. दार लावून भाजी फोडणीला टाकली. भाजी खाऊनही झाली, आणि मग हात धुताना माझ्या लक्षात आलं की मी काय सांगून बसले.

आता पडदा त्या खुर्चीकडे बघतो. मी माझ्या जागेवरून तिरकं बघते, सगळी माणसं चपटी, उन्हाळी पापडासारखी दिसतात. तू म्हणशील, खुर्चीत बस. ती त्यांची आहे. तू म्हणशील, टीव्ही वळव. वळतो तो, एका हाताने, मला शिकवून गेलाय तो माणूस. रोज टीव्हीपाशी जाते, कडेला हात लावते आणि धूळ पुसून परत येते. मी वळवला तर ते आता येणार नाहीत हे माझ्याच हाताने केल्यासारखं होईल. तेवढं माझ्याच्याने होत नाही. खूप वाईट वाटतंय असंही नाही. नुसतं होत नाही.

म्हणून हे पत्र. तू ये. सुट्टी मिळत नाही वगैरे एरवी फोनवर सांग, या वेळी नको. आलास की मी चहा टाकायला आत जाईन. तेवढ्यात तू तो टीव्ही माझ्या जागेकडे वळवून ठेव. मला हाक मारू नकोस, वळवला म्हणून सांगूही नकोस. मी चहा घेऊन बाहेर येईन आणि माझ्या जागेवर बसेन. ट्रेमध्ये तिसरा कप दिसला, तर मुकाट्याने तूच पिऊन टाक.

तुझीच,
आई