तांबू का गाभडली

प्रिय धर्मा,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पत्र फेकून देणार नाहीस, एवढं मी तुला ओळखतो. तेच जास्त बोचतं. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डाच्या गेटवर दिवसभर उभं राहून तुझे पाय सुजतात, असं वहिनी परवा थळच्या बाजारात सांगत होत्या. मी नुसती मान हलवली आणि भाजी न घेताच निघालो.

यशोधनदादांच्या गोठ्यातली ती सकाळ तुला आठवत असेल. पाच कालवडी, वाडीत मोकळ्या वाढलेल्या, माणसाच्या हाताची सवय नसलेल्या. एकेकीला लाकडी खोड्यात अडकवायला तास तास लागला. तू त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचास, गळ्याखाली खाजवायचास, आणि त्या थरथरत का होईना, उभ्या राहायच्या. चौघींचं कृत्रिम रेतन झालं. पाचवी तांबू. तिने खोड्याची आडवी फळी मोडली, माझ्या मांडीवर लाथ घातली, शेणाने भरलेली शेपटी माझ्या चष्म्यावर फिरवली. ओटीवरून यशोधनदादा आणि त्यांचे पाहुणे मोठ्याने हसले.

तू म्हणालास, "आज ऱ्हाऊ दे विनेश. दिवाळीत ही दोन दिस कुंपणाभायेर व्हती. आधी नीट तपास." मी ऐकलं होतं धर्मा, स्पष्ट ऐकलं होतं. पण गोठवलेल्या रेताची कांडी कोमट पाण्यात वितळवून झाली होती, ती वाया गेली असती, आणि त्या हसण्याने माझे कान तापले होते. कालवड आधीच गाभण नाही ना, हे हाताने चाचपून पाहणं हा आमच्या कामातला पहिला धडा. ती हात टिकू देईना, म्हणून मी तो धडाच गाळला. तिचे पाय बांधायला लावले, तेही तुलाच. तिचं डोकं छातीशी धरून तू डोळे मिटून घेतलेस, आणि मी जोर लावून नळी आत सारली.

नवव्या दिवशी तांबू गाभडली. उंदराएवढा गर्भ गव्हाणीमागे पडला होता. तू तो केळीच्या पानावर घेऊन मला दाखवलास.

यशोधनदादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कशाने झालं हे?" तेव्हा खोटं बोलायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. म्हणालो, "धर्माने त्या दिवशी पोटावर दांडा मारला असणार. त्याला आवरत नव्हती ती." अकरा वर्षं त्या गुरांत काढलेला तू, दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात दिसला नाहीस. मी तुझ्या घरी चौकशीलाही आलो नाही. तुझ्या गल्लीत पाय टाकायचंच सोडलं.

आता का लिहितोय ते सांगतो. या महिन्यापासून मी रेतनाचं काम शिकवतो. पहिल्याच दिवशी तुझी साक्षी येऊन बसली. म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, शिकायचं तर विनेशकाकांकडेच. त्यांचा हात हलका आहे." म्हणजे दादांपुढे तुझ्यावर आळ कुणी घेतला, हे तुला कधी कळलंच नाही. काल तिने विचारलं, "काका, आधी तपासलं नाही तर काय होतं?" मी म्हणालो, गर्भ पडू शकतो. ती खाली मान घालून ते वहीत लिहू लागली, आणि मला पुढे शिकवता आलं नाही. आज सकाळी यशोधनदादांना सगळं सांगून आलो. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांनी कशाला उकरतोस?" साक्षीला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला कळायला हवं. तिला माझ्याकडे शिकू द्यायचं की नाही, तेही तूच ठरव. रविवारी रेवसहून तरीच्या बोटीने करंजाला उतरून तुझ्या खोलीवर येतोय. दार उघडलं नाहीस तर थोडा वेळ बाहेर बसेन आणि परत जाईन.

लिहायला लाज वाटते, तरी तुझाच,
विनेश