बाबांना न सांगितलेलं

प्रिय मॅरेन,

तू नर्स आहेस, म्हणून तुलाच लिहितोय. पण वाचताच तू बाबांना फोन करशील, म्हणून पाठवायचा धीर होत नाही.

गेल्या शनिवारी फुटबॉलच्या सामन्यात, मी चेंडू फेकायच्या बेतात असताना, मला मागून जोरात पाडलं आणि डोकं जमिनीवर आपटलं. उठून आमच्या संघाच्या घोळक्यात गेलो, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला पुढची चाल आठवेना. मी क्वार्टरबॅक, चाल मी ओरडून सांगितल्याशिवाय कुणी हलत नाही. शेवटी शेजारचा ड्वेन पुटपुटला, "डावीकडे लांब फेक, म्हण." मी म्हटलं. आम्ही जिंकलो.

उद्या शेवटचा सामना. कॅनडाच्या एका व्यावसायिक संघाचा माणूस माझा खेळ बघायला येतोय. आमच्या एवढ्याशा कॉलेजात असं कधी झालं नव्हतं. पण डोकं अजून ठणकतंय, उजेड सोसत नाही.

आज सरावानंतर ड्वेन म्हणाला, "कोचना तू सांग, नाहीतर मी सांगतो. शिव्या घाल हवं तर."

मी घातल्या. मग जाऊन कोचना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझं हेल्मेट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आत्ताच बाबांचा फोन आला होता. "पहाटेच निघतो," म्हणाले. "घसा सांभाळ. उद्या मैदानभर ऐकू जायला पाहिजे."

मी "हो" म्हणालो.

तुझा भाऊ,
कर्टिस