होरेसच्या विजारी आणि धावपट्टीची पाटी

कुराबीन, न्यू साउथ वेल्स
७ मार्च १९५६

प्रिय अ‍ॅल्बन,

तुला आणि तुझ्या सफरचंदाच्या बागेला लिंडसेचा सप्रेम नमस्कार. आम्ही इथे खुशाल आहोत (माझा गुडघा सोडून, डोरीन त्याला म्हातारपण म्हणते, मी युद्ध म्हणतो). माझ्या मागच्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही, तेव्हा तुझा हात दुखत असावा असं धरून चालतो. मॉलीवहिनीला जाऊन आठ महिने झाले. त्याबद्दल काय लिहावं ते मला कळत नाही, म्हणून स्वतःच्या फजितीबद्दल लिहितो. तेवढं मला जमतं. फजिती अशी की येत्या चोवीस तारखेला, शनिवारी, गावच्या नव्या धावपट्टीला माझं नाव देणार आहेत, आणि ते ज्या पराक्रमासाठी देणार आहेत तो मी केलेलाच नाही.

तुला ठाऊक आहेच, मी आता परगण्याच्या कौन्सिलचा चिटणीस आहे. कुत्र्यांचे परवाने, तुंबलेले नाले आणि सभांची इतिवृत्तं. (समुद्रात पाणबुडी शोधणं सोपं, बिल्ला हरवलेल्या कुत्र्याचा मालक शोधून दाखव.) पण गावाच्या लेखी मी अजून वैमानिकच. दर एप्रिलात स्मृतिदिनाला मला पदक लावून पहिल्या रांगेत उभं करतात आणि नंतर चहाला कुणीतरी हमखास विचारतं, त्या अथांग समुद्रावर वाट कशी हो सापडायची? मी गूढ हसतो. करणार काय? वाट तू काढायचास. तू म्हणायचास, ‘दोन अंश डावीकडे, कप्तान,’ की मी दोन अंश डावीकडे. चार वर्षांत मी नकाशा एकदाच हातात घेतला, तोही सँडविच गुंडाळायला, आणि त्यावरून तू मला जे ऐकवलंस ते अजून कानात आहे.

तर गेल्या महिन्यात नदीला पूर आला. रस्ते गेले, तारा गेल्या. तारा जायच्या आधी आम्ही सगळ्या शेतांवर फोन करून सांगितलं होतं की मदत हवी असेल त्याने छपरावर पांढरी चादर पसरावी. विनिफ्रेड पास्को या विधवा बाईंनी पीठ, चहा आणि पाइपचा तंबाखू मागितला (पाइप त्या स्वतः ओढतात). शेजारच्या शेतावर त्यांचा सख्खा भाऊ होरेस. कुंपण चार हात सरकल्यावरून भावाबहिणीत नऊ वर्षं अबोला. होरेसने आम्हाला फोनवरच झापलं, “माझं कुंपण सरकलं तेव्हा कुठे होतं तुमचं कौन्सिल? आता आले मदत घेऊन!” आणि फोन आपटला. त्यामुळे यादीत त्याचं नावच नाही.

आमचे अध्यक्ष क्विग्ली म्हणाले, “चिटणीस, तुम्हीच जा. तुम्हाला काय, अंगणात सायकल फिरवल्यासारखं!” फ्लाइंग क्लबचं टायगर मॉथ, दोन बैठकांचं छोटं उघडं विमान, मिळालं. पुढच्या बैठकीत क्विग्ली स्वतः बसणार होते, पण विमान जवळून पाहिल्यावर त्यांना एका महत्त्वाच्या सभेची आठवण झाली. मग पोतं (पीठ सांडू नये म्हणून पोत्यात पोतं) मांडीवर घेऊन मी मागच्या बैठकीवरून एकटाच उडालो. वर गेल्यावर बघतो तर नदीचं वळण नाही, पूल नाही, सगळीकडे चहाच्या रंगाचं पाणी. मी मोठ्याने ओरडलो, “अ‍ॅल्बन, कुठे आहोत आपण?” आणि पुढची बैठक रिकामी. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार एकटं वाटलं.

तेवढ्यात एका छपरावर पांढरं दिसलं. मी नेम धरून पोतं टाकलं आणि परत येऊन इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘माल नियोजित स्थळी पोचला.’ पोचला होता होरेसकडे. अंगणात पाणी म्हणून त्याने आपल्या लोकरीच्या लांब विजारी छपरावर वाळत घातल्या होत्या!

होरेस चार दिवस कोंबड्यांचा मका खात होता. पोत्यावर बहिणीचं नाव, आत तिचा तंबाखू. म्हणे तासभर तो त्याकडे नुसता बघत बसला. एक भाकरी भाजून खाल्ली, आणि मग पोतं होडीत घालून निघाला. विनिफ्रेडबाई चादरीशेजारी छपरावरच होत्या, मला शिव्या देत. नऊ वर्षांनी तो पहिलं वाक्य बोलला, “विनी, तुझं थोडं पीठ मी खाल्लंय.” त्या म्हणाल्या, “तंबाखू भिजवलास का, गाढवा?” तेव्हापासून दोघं एका टेबलावर जेवतात.

आता गाव म्हणतं, चिटणीसांनी हे मुद्दाम केलं, केवढी दूरदृष्टी! क्विग्लींनी नामकरणाचा ठराव मांडला, तो एकमताने मंजूर झाला, आणि माझी ती सगळी स्तुती इतिवृत्तात मलाच उतरवून घ्यावी लागली. मी त्यांना खरं सांगायला गेलो. त्यांचे डोळे भरून आले. “किती हा विनय!” म्हणाले, आणि ते वाक्यही इतिवृत्तात घ्यायला लावलं.

असो. बागेला पाणी देत जा, आणि स्वतः वेळेवर जेवत जा.

तुझा,
लिंडसे

ता. क. : पाटी रंगवायचा हुकूम चिटणीसाच्या सहीने निघतो. त्यावर मी तुझं नाव घातलं आहे. पाटी वाळली, कापडाखाली झाकून ठेवली आहे. शनिवारी कापड निघेल तेव्हा लोक विचारतील, हा कोण? ते मी एकटा सांगायला गेलो तर पुन्हा विनय ठरेल. तू समोर हवास.

ता. क. २ : तेव्हा ये. शनिवारपुरता नव्हे, राहायलाच ये थोडे महिने. टायगर मॉथची पुढची बैठक रिकामी आहे, आणि आमच्या टेबलावरही एक खुर्ची. सोबतचा नकाशा डोरीनने काढला आहे. माझा तिने चुलीत घातला.

ता. क. ३ : तुला घ्यायला मी स्टेशनवर येणार होतो. डोरीन म्हणते, “नको, लिंडसे. अ‍ॅल्बनला सरळ घरी येऊ दे, मग तो आणि मी मिळून तुला शोधायला निघू.”