पाच नंबरवर आलेला मेसेज

केज, ६ जाने. २००३
आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सकाळच्या बॅचला पाच नंबरच्या मशीनवर रुक्मिणी, युसूफ वडगावची. टाइप करता करता हात एकदम थांबले तिचे. स्क्रीनच्या मधोमध छोटी चौकट, इंग्रजी अक्षरांत: ‘हिरवी ओढणी छान दिसते.’ मी ओके दाबून घालवली. पोरी हसल्या. ती नाही.

९ जाने.
परत, रुक्मिणीलाच. मजकूर इथं लिहवत नाही. चौकटीत पाठवणाऱ्या मशीनचं नावही येतं. ‘ऑफिस’. म्हणजे आमच्याच केबिनमधलं. तिथं मी बसते, नाहीतर हे. प्रिंट काढायला पोरंही आत-बाहेर करतात, दार कायम उघडं.

१० जाने.
यांना विचारलं. म्हणाले, “अगं, विंडोजमधलं जुनं मेसेंजर हाय ते. नेट जोडलं की बाहेरचा कुणीबी पाठवतो. नाव पण खोटं टाकता येतं.” खरंय, जाहिरातींच्या तसल्याच चौकटी येतात कधी कधी. म्हटलं, मग बंद करून टाका.
बाहेरच्याला ओढणी कशी दिसली? हे विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे...

१३ जाने.
रुक्मिणी नाही आली. शनिवारीही नव्हती.
यांनी आज सगळ्या मशीनवरचं मेसेंजर डिसेबल केलं. दुरुस्तीला बीडहून येणारे देशमुख शाबास म्हणाले. “बिनकामाचं जुनं काही चालू ठेवलं, की तिथूनच घुसतात लोकं.”
मीच सांगितलं होतं. आता परत काही येणार नाही. कुठून येत होतं तेही कळणार नाही.

१६ जाने.
तिचे वडील आले. “म्याडम, पोरगी येत न्हाई म्हन्ती. कावून, ते सांगंना. हितं काय झालं का?”
मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले, “न्हाई हो काका. हुशार हाय पोरगी, पाठवा.”
“बगू. येक स्थळ आलंय. लई चांगलं.”
यांचा आवाज रोजचाच. मी कान देऊन ऐकत होते.

२१ जाने.
चौकटी बंद त्या बंदच. क्लास शांत.
जेवताना यांच्या बोटांकडं बघत बसले. भाकरी गार झाली. “बरं न्हाई का?” म्हणाले. किती मायेनं.

२६ जाने.
झेंडावंदन उरकून यष्टीनं युसूफ वडगाव. यांना सांगितलं नाही. रुक्मिणी ओसरीवर ज्वारी निवडत होती. म्हटलं, आता तसलं काही येणार नाही, मेसेंजरच बंद केलंय. चल परत.
ती खाली बघूनच बोलली. “म्याडम, दुसऱ्या टायमाला मी मागं वळून बघितलतं. केबिनच्या काचंतून. सांगू का कोन व्हतं?”
मी तिच्या ज्वारीतले खडे वेचायला लागले. तिनं जरा वाट बघितली.
“जाऊ द्या. च्या घ्या.”
घेतला.
घरी आले तर हे दारातच. “कुठं गेलतीस?”
“रुक्मिणीकडं.”
काय म्हणाली ती, हे अजून विचारलेलं नाही यांनी.